कॉलेजांतील मुलांचे कपडे आणि आपला कापूस

लासूर स्टेशनच्या परिसरात कपाशीवर ज्यांचा संसार चालतो, त्यांचीच मुले छत्रपती संभाजीनगरास कॉलेजात जाताना पॉलिएस्टरचे सदरे घालतात, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. मुलांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. स्वस्त व झगझगीत माल तरुण मनास भावणारच. परंतु ह्यात आवडीनिवडीबरोबर आपल्या पिकाच्या मागणीचाही प्रश्न गुंतलेला आहे.

पॉलिएस्टरचा धागा शेतात पिकत नाही. तो खनिज तेलापासून कारखान्यात निघतो. आज जगात तयार होणाऱ्या एकंदर तंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असून कापसाचा वाटा सुमारे एक-पंचमांश आहे. असा कपडा धुताना त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्याबरोबर ओढ्या-नाल्यांत जातात, आणि उकिरड्यावर टाकल्यास तो वर्षानुवर्षे कुजत नाही. कापडाची सुती चिंधी मात्र काही काळाने मातीत मिसळून जाते. अर्थात कापूसही सर्वथा निर्दोष नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे दगावली, हे आपणांस विसरता येणार नाही. कमी फवारणीचा कापूस पिकविणे हे काम आपल्याकडचे आहे; तो आवडीने वापरणे मुलांकडचे.

आता हिशेब पाहू. एका सुती सदऱ्यास सुमारे पाव किलो कापड लागते. सूतकताईतील व बेतण्यातील घट धरता त्यासाठी तीनशे ग्रॅमच्या आसपास रुई हवी. शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस ते पस्तीस किलो रुई मिळते, म्हणजे एका सदऱ्यात पाऊण किलोहून अधिक कापूस जातो. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास 7,521 रुपये होता. त्या दराने एका सदऱ्यातील कापसाची किंमत सुमारे पासष्ट रुपये होते, आणि तीत सरकीचेही मोल आले.

येथे कोणी शंका काढील की, मुले एकच कपडा अधिक दिवस वापरू लागली तर कापूस खपणार कसा? शंका रास्त आहे. परंतु चार महिन्यांत टाकून देण्याच्या स्वस्त मालात पॉलिएस्टरचा भरणा फार असतो. असे तीन सदरे घेण्याऐवजी मुलाने एक दणकट सुती सदरा घेतला, तर त्याच पैशांतून कापसाला गिऱ्हाईक मिळते.

कपडा सुती आहे की नाही हे ओळखण्याची जुनी युक्ती मुलांस शिकवावी. शिवणीच्या आतला एक धागा काढून चिमट्याने धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक काळी गुठळी होते. दोन्ही लक्षणे एकदम दिसली तर मिश्रण समजावे. मात्र व्हिस्कोजही कागदासारखेच जळते, तेव्हा कॉलरीजवळील चिठ्ठी वाचल्यावाचून खात्री मानू नये.

विद्यार्थ्यांनी कापडाचा प्रश्न हाती घेणे महाराष्ट्रास नवीन नाही. ऑक्टोबर 1905 मध्ये पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तीत फर्ग्युसन कॉलेजात शिकणारे विनायक दामोदर सावरकर पुढे होते आणि त्याबद्दल त्यांस दंडही झाला. आज होळीची गरज नाही, किंबहुना पॉलिएस्टर जाळणे घातकच; त्याचा धूर विषारी असतो. घरी आहे तो कपडा फाटेपर्यंत वापरावा, नवा घेताना मात्र सुती घ्यावा.

तुटलेले बटण लावणे व उसवलेली शिवण घालणे मुलग्यांसही आले पाहिजे; ते मुलींचेच काम, ही समजूत आता सोडावी. रंगीत सुती कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवावा व सावलीत वाळवावा, म्हणजे रंग टिकतो. पूर्वी आपल्या घरी जुन्या लुगड्या-धोतरांच्या वाकळी होत. तशा शिवावयाच्या असतील तर त्यांत पॉलिएस्टरची धडपी घालू नयेत. ती घाम शोषीत नाहीत.