वाळवणाचा टोमॅटो

टोमॅटो नीट वाळणार की नाही, हे बी निवडतानाच ठरतं. बाजारात मिळणारा रसाळ संकरित टोमॅटो चिरला की परातीत पाणी साचतं. उन्हात ठेवला तरी बियांभोवतालचा बुळबुळीत भाग ओलाच राहतो आणि तिथेच बुरशी धरते.

म्हणून मी लावतो तो प्रिन्चिपे बोर्गेझे, इटलीतला जुना वाण. फळ पेवंदी बोराएवढं आणि टोकाला चोच. बिया थोड्या, रस कमी, गर घट्ट. इटलीत याची फळांनी लगडलेली झाडं मुळासकट उपटून टांगून वाळवण्याची रीत आहे. आपल्याकडच्या उन्हाला मात्र फोडीच सोयीच्या.

पुणे जिल्ह्यात मी सप्टेंबरअखेर रोपं टाकतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत तोडा येतो. ही वेळ मी जाणूनबुजून साधतो. रात्री गार असताना फळधारणा चांगली होते. पारा 32-33 अंशांवर टिकू लागला की टोमॅटोतलं लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, फळ पिवळट राहतं. आणि फेब्रुवारीतलं ऊन कडक, हवा कोरडी असते. झाडाची वाढ आटोपशीर असली तरी फळांचा भार मोठा, त्यामुळे काठी आणि सुतळी लागतेच. पाणी अनियमित दिलं तर फळ टोकाकडून काळं पडतं किंवा तडकतं. फळं रंगू लागली की मी पाणी हळूहळू कमी करतो. त्याने फळ थोडं लहान राहतं, पण गर दाट होतो.

फळं पूर्ण लाल झाल्यावरच तोडायची. धुऊन, पुसून उभी अर्धी चिरायची, बिया काढायच्या नाहीत. चिरलेली बाजू वर ठेवून बांबूच्या सुपात किंवा ताणलेल्या जाळीवर मांडायची, वर मीठ भुरभुरायचं. ॲल्युमिनियमची परात नको, आंबटपणा तिला खातो. वरून मलमल आणि खालून वारा हवा. संध्याकाळी सगळं घरात घ्यायचं, कारण दवाने दिवसभराची मेहनत परत ओली होते. कडा आधी वळतात, मग मधला भाग चामड्यासारखा होतो. फोड वाकली पाहिजे, मोडता कामा नये, आणि दाबल्यावर बोटाला ओल लागता कामा नये. ताज्या टोमॅटोत जवळपास 94 टक्के पाणीच असतं, त्यामुळे क्रेटभर फळं शेवटी एका बरणीत मावतात.

बरणी भरली की आठवडाभर रोज हलवून पाहावी. काचेला आतून बाष्प दिसलं तर फोडी पुन्हा उन्हात. तेल-लसणात बुडवून बाहेर ठेवण्याचा मोह टाळाच. हवा न लागणाऱ्या तेलात विषारी जिवाणू वाढू शकतात. असं मिश्रण थोडंच करावं, फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावं.

माझ्या मते याची खरी जागा पिठल्यात आणि लसणाच्या चटणीत आहे. गरम पाण्यात अर्धा तास भिजवलेल्या फोडी बारीक चिरून फोडणीत टाकल्या की पिठल्याला गोडसर, खोल आंबटपणा येतो. भिजवलेलं पाणी आमटीत घालावं. त्यात मीठ असतं, तेवढं हात आखडून.

वाण सरळ असल्याने बी दरवर्षी विकत घ्यावं लागत नाही. निरोगी झाडाचं पहिलं बहारदार फळ राखा, बिया दोन-तीन दिवस रसात आंबवून धुवा, सावलीत वाळवा आणि शेजाऱ्यालाही चिमूटभर द्या.