घर बदललं, गुण वीस

नव्या घराचे पेढे वाटले, की ताण संपला असं आपण धरून चालतो. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांना तसं वाटलं नाही. १९६७ साली त्यांनी वर्षभरातल्या बदलांना गुण देणारं ४३ घटनांचं कोष्टक प्रसिद्ध केलं. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३ आणि लग्न चक्क ५०! सुखाच्या प्रसंगातही माणसाला घडी नव्याने बसवावी लागते, म्हणून त्यालाही गुण. घर बदलणं अवघं २०.

आता गिरगावच्या चाळीतून विरारला आलेलं एखादं कुटुंब घ्या. घराचे २०, मुलांच्या नव्या शाळेचे २०, मोठ्या कर्जाचे ३१. पहाटेच्या लोकलपायी झोप बदलली, १६. जेवणाच्या वेळा बदलल्या, १५. नातलगांचं येणंजाणं १५, मित्रमंडळींच्या बैठका १८. झाले १३५. त्याच वर्षी आजोबा गेले, तर आणखी ६३. दीडशेच्या पुढे आजारपणाचा संभव वाढतो, तीनशेच्या पुढे फारच, असं हे कोष्टक मानतं. अर्थात हा अंदाज, कुंडली नव्हे.

त्यात नाताळचेही १२ गुण आहेत. वसईतल्या ख्रिस्ती घरांना ते लगेच पटतील. गणपतीचे किती, ते गृहिणीला विचारा. १९८४ साली गुरमीत सिंग आणि सहकाऱ्यांनी भारतीयांसाठी ५१ घटनांची वेगळी यादी केली. तीत मुलीचं लग्न आहे, विरार लोकलची गर्दी मात्र नाही.

आणि मुलाच्या हिशेबातले ते ६३ आजीच्या हिशेबात १०० असतात. चाळीच्या गॅलरीत बसणारी ती, आता बंद दाराच्या ब्लॉकमध्ये संध्याकाळच्या लोकलची वाट पाहते.