साध्या माणसांच्या प्रेमकथा

जपानी चलच्चित्रकलेचें, म्हणजे ‘अ‍ॅनिमे’चें, नांव निघतांच अनेकांच्या डोळ्यांपुढें यंत्रमानव आणि घनघोर युद्धें उभीं राहतात. परंतु त्याच कलेची एक शांत शाखा आहे. तींत कोणी जग वांचवीत नाहीं. माणसें भाड्याच्या खोलींत राहतात, परीक्षेंत नापास होतात, बाजारहाट करतात आणि शेजारच्या माणसावर मनोमन प्रेम करतात. एवढ्याशा सामग्रीवर रसिकांचें मन कां रमावें?

रुमिको ताकाहाशी यांची ‘मेझोन इक्कोकु’ ही चित्रकथा १९८० ते १९८७ या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली; तिच्यावरील ९६ भागांची मालिका १९८६ ते १९८८ मध्यें दूरचित्रवाणीवर आली. एका जुनाट भाडोत्री घरांत गोदाई हा प्रवेशपरीक्षेंत अपयश आलेला तरुण राहतो. त्या घराची व्यवस्था पाहावयास क्योको ही तरुण विधवा येते, आणि गोदाई तिच्यावर अनुरक्त होतो.

त्याचा एक प्रतिस्पर्धी श्रीमंत व देखणा आहे. पण खरा प्रतिस्पर्धी क्योकोचा दिवंगत पति होय. जिवंत माणसावर मात करतां येते. मृताशीं भांडणहि करतां येत नाहीं. त्यांतून क्योकोच्या कुत्र्यालाहि त्या पतीचेंच नांव पडलेलें! अखेरीस गोदाई त्याच्या समाधीपुढें उभा राहतो आणि तिच्या मनांतील त्याच्या स्मृतीसह तिचा स्वीकार करण्याचें ठरवितो. प्रेमाला विस्मरणाची अट घालूं नये, हा विचार येथें उपदेशाविना उमटतो.

दोन तासांत हाच शेवट केला असता, तर तो कृत्रिम वाटला असता. मालिकेंत ऋतु पालटतात, गोदाई शिकतो, नोकरीसाठीं वणवण करतो. त्या काळीं खिशांत टेलिफोन नव्हता; निरोप चुकत, गैरसमज वाढत. प्रेक्षकहि आठवड्यामागून आठवडे वाट पाहत असे. पात्रांचा धीर तोच त्याचा धीर झाला.

इसाओ ताकाहाता यांनीं १९९१ सालच्या ‘ओमोइदे पोरोपोरो’ या चित्रपटांत निराळी वाट धरली. जपानांत सामान्यतः चित्रें आधीं व आवाज मागाहून, अशी रीत. येथें मोठेपणींच्या प्रसंगांत आवाज आधीं मुद्रित करून त्यावरून ओठांच्या हालचाली व हंसतांना गालांवर पडणाऱ्या रेषा रेखाटल्या. नायिका ताएको ही तोक्योंतील २७ वर्षांची नोकरदार स्त्री. सुटींत ती यामागाता प्रांतीं करडईच्या शेतांवर कामाला जाते. परतीच्या गाडींत बसल्यावर ती मध्येंच उतरते व माघारी फिरते. हें सारें शेवटची श्रेयनामावली पडद्यावर सरकत असतांना, एकाहि संवादाविना घडतें.

आयुष्यांतील मोठे निर्णय बहुधा असेच, गाजावाजा न होतां, ठरतात. साध्या माणसाला त्या गाडींत आपलीच जागा दिसते, ती यामुळेंच.