पॅरिसमधील घरक्रमांकांचा नियम

पॅरिसमधील घरांना क्रमांक देण्याची आजची पद्धत नेपोलियनच्या कारकिर्दीत, ४ फेब्रुवारी १८०५ च्या हुकूमनाम्याने ठरली. तीत सीन नदी हीच आधाररेषा मानलेली असून, नदीला समांतर रस्त्यांवर क्रमांक प्रवाहाच्या दिशेने वाढतात, इतर रस्त्यांवर ते नदीकडील टोकापासून सुरू होतात आणि चढत्या क्रमाने जाताना सम क्रमांक उजवीकडे, तर विषम डावीकडे येतात. त्यामुळे परक्या माणसालाही नुसत्या पाट्या पाहून नदीची दिशा उमगते, हे या योजनेचे खरे मोल होय. प्रारंभी समांतर रस्त्यांवरील आकडे लाल, इतरत्र काळे असत. निळ्या पाटीवरील पांढरे आकडे नंतरचे. मध्येच नवी इमारत झाल्यास पुढील क्रमांक न बदलता शेजारच्या क्रमांकालाच ‘बिस’, म्हणजे ‘दुसऱ्यांदा’, हे लॅटिन पद जोडतात.