वाघाची गोळी, गव्याची गोळी

हैदराबादच्या अफझलगंजला पाचवे निजाम अफझलउद्दौला यांचे नाव आहे. त्यांचे पुत्र महबूब अली पाशा १८६९ ते १९११ गादीवर होते, आणि वाघाचे शिकारी म्हणून त्यांची ख्याती होती. छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी त्या काळातल्या शिकारी टिपून ठेवल्या आहेत. १९०२ साली वरंगळकडच्या नेकोंड्याला व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन मारलेल्या वाघापाशी उभे आहेत, ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यात वाघ दिसतो, रायफल दिसते. शिकारीचा निकाल लावणारी गोळी मात्र दिसत नाही.

त्या काळी गोळीवरून शिकाऱ्यांत कडाक्याचे वाद होत. काळ्या दारूच्या ‘एक्स्प्रेस’ रायफलींत हलकी, टोकाला पोकळ असलेली शिशाची गोळी वापरत. ती वेगाने जाई आणि अंगात शिरताच फुटे. हरणासाठी ती पुरे. पण गव्याच्या फऱ्याच्या हाडावर बसली, तर तिथेच तिचे तुकडे होत आणि हृदय-फुप्फुसे शाबूत राहत. इंग्रज शिकारी सर सॅम्युअल बेकर यांनी १८९० सालच्या पुस्तकात पोकळ गोळीवर टीका केली आणि ०.५७७ इंची रायफलीसाठी भरीव शिशाची, सुमारे ६५० ग्रेनची, म्हणजे ४२ ग्रॅमची गोळी सुचवली. मला त्यांचे म्हणणे पटते. मोठ्या जनावराच्या बाबतीत गोळी आत किती खोल जाते, हे आधी पाहायचे. ती किती फुलते, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढे कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली आणि वेग इतका वाढला की नुसते शिसे तग धरेना. गोळीवर तांबे-निकेलचे कवच चढले. शिकारी दोनच जाती मानत, ‘सॉफ्ट’ आणि ‘सॉलिड’. सॉफ्टच्या टोकाला शिसे उघडे असते. ती मांसात शिरली की पसरते आणि जखम रुंद करते. वाघाची कातडी पातळ आणि हाडे तुलनेने हलकी, म्हणून त्याला सॉफ्ट. सॉलिडचे टोक पूर्ण झाकलेले. ती आकार न बदलता सरळ आत जाते, म्हणून हत्तीला सॉलिड. गव्याच्या बाबतीत मतभेद होते. आडवा उभा असेल तर वजनदार सॉफ्ट चाले, समोरून किंवा तिरका आला तर सॉलिडच हवी. एकाच व्यासाच्या दोन गोळ्यांत जड गोळी लांब असते आणि सहसा खोल जाते. त्यामुळे नुसत्या वेगाच्या आकड्यावर भाळणे धोक्याचे.

रायफल निवडताना सरकारी हुकूमही आडवे येत. १९०७ साली इंग्रज सरकारने ०.४५० इंची काडतुसांना हिंदुस्थानात बंदी घातली. ती बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री रायफलींना उपयोगी पडतील, ही भीती होती. मग कारखान्यांनी ०.४६५ आणि ०.४७० इंची दुनळी रायफली काढल्या. ०.४७०ची गोळी ५०० ग्रेनची, म्हणजे ३२ ग्रॅमहून थोडी जास्त.

हा सगळा काथ्याकूट ज्या कारणासाठी व्हायचा, ते कारण म्हणजे जखमी जनावर. गोळी खाऊन झाडीत शिरलेल्या वाघाच्या मागे पायी जावे लागे, आणि हाक्यातल्या गरीब माणसांचा जीव त्यात जाई. १९०७ साली जिम कॉर्बेटने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे सुळे बंदुकीच्या जुन्या जखमेने मोडले होते. नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती नरभक्षक झाली, असे कॉर्बेटचे मत होते. तिच्या नावावर ४३६ बळी मांडले जातात. अर्धवट लागलेल्या एका गोळीची किंमत इतकी असू शकते.

आज हौसेची शिकार बंद आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी आदेशानेच वाघासारखे जनावर मारता येते, आणि तेही माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा ते बरे न होण्याइतके जखमी वा आजारी असेल तेव्हा. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात अवनी, म्हणजे टी-१ वाघीण, हैदराबादच्या एका नेमबाजाच्या गोळीने मेली. त्यानंतर महाराष्ट्रभर वाद पेटला. आदेश पाळला गेला का, बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला का, यावर लोक बोलले, आणि ते योग्यच होते.

वाघ मारण्याची वेळ येऊ नये, हीच माझी इच्छा. पण ती आलीच, तर जनावर तडफडत राहू नये आणि जखमी होऊन गावाकडे वळू नये, ही आदेश देणाऱ्याची जबाबदारी आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीत योग्य बोअरची (नळीच्या व्यासाची) बंदूक द्यावी, असे म्हटले आहे. वनखात्याने प्रत्येक आदेशात गोळीचा प्रकार आणि वजनही नोंदवावे.