शिकण्याच्या नोंदींचे व्याकरण

संगणकाद्वारे दिल्या जाणाऱ्या शिक्षणात विद्यार्थ्याने कोणता पाठ उघडला, किती गुण मिळवले आणि तो कुठे थांबला, याची नोंद आपोआप होत असते. मात्र एका कंपनीच्या प्रणालीतील ही नोंद दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीला वाचता यायची असेल, तर तिचे स्वरूप आधीच सर्वमान्य असावे लागते. अशा सर्वमान्य स्वरूपाला तांत्रिक मानक म्हणतात. ही गरज सर्वप्रथम भासलेल्या क्षेत्रांपैकी एक म्हणजे विमान उद्योग, आणि त्यातूनच 1988 साली संगणकीय प्रशिक्षणाची मानके ठरवणारी ‘एआयसीसी’ ही समिती स्थापन झाली.

पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘एडीएल’ या उपक्रमाने 2000 साली ‘स्कॉर्म’ हे मानक आणले, आणि 2001 मधील त्याची 1.2 ही आवृत्ती जगभर रूढ झाली. अभ्यासघटक ब्राउझरमध्ये उघडावा आणि त्याने अभ्यासक्रम चालवणाऱ्या प्रणालीला गुण, वेळ व ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ यांसारखी स्थिती कळवावी, अशी ही योजना होती. अर्धवट राहिलेला पाठ पुन्हा तिथूनच सुरू करण्यासाठी लागणारी माहिती 1.2 आवृत्तीत 4096 अक्षरांत बसवावी लागे, आणि कार्यशाळेत किंवा प्रत्यक्ष कामावर जे शिकले जाई, ते या चौकटीबाहेरच राही.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी 2013 साली ‘एक्सएपीआय’ हे मानक प्रसिद्ध झाले. त्यात प्रत्येक अनुभव कर्ता, क्रियापद आणि कर्म अशा विधानरूपात नोंदवला जातो. उदाहरणार्थ, ‘अमुक प्रशिक्षणार्थीने इंजिनतपासणीचा सराव पूर्ण केला’. सराव संगणकावर झालेला असो वा प्रत्यक्ष यंत्रावर, त्याविषयीचे विधान ‘लर्निंग रेकॉर्ड स्टोअर’ नावाच्या नोंदभांडारात जमा होते. तिथे एकदा साठवलेले विधान बदलता येत नाही, चुकीचे असल्यास दुसऱ्या विधानाने ते रद्द ठरवावे लागते.

या मानकात क्रियापदे कोणीही नव्याने निर्माण करू शकतो, आणि खरी अडचण याच मोकळीकीतून उद्भवते. एक संस्था चित्रफीत शेवटपर्यंत चालली की ‘पूर्ण केले’ अशी नोंद करते, तर दुसरी चाचणी दिल्याशिवाय तशी नोंद करत नाही. दोन्ही विधाने तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली, तरी त्यांची एकत्र बेरीज दिशाभूल करणारी ठरते. म्हणूनच 2016 साली आलेल्या ‘सीएमआय-5’ या नियमावलीने नऊ क्रियापदे निश्चित करून ती केव्हा वापरावीत हे ठरवून दिले, तर तेव्हा ‘आयएमएस ग्लोबल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या ‘कॅलिपर’ या मानकाने शब्दसंग्रह सुरुवातीपासूनच बांधून दिला. 2023 साली एक्सएपीआयला ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या संघटनेची औपचारिक मान्यता मिळाली.

तथापि, नोंद वाचली जाईल याची हमी मानक देते, शिक्षण झाले याची नव्हे. त्यामुळे प्रणाली विकत घेण्यापूर्वी कोणत्या कृतीला ‘पूर्ण’ म्हणायचे, हा निर्णय शिक्षकांनी आणि संस्थांनी आपसात घेणे अपरिहार्य ठरते.