आयझॉल जिंकलं, मुंबई बुडाली

इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगमधून दरवर्षी 3 संघ खालच्या श्रेणीत घसरतात आणि आपण रात्री जागून त्यांच्यासाठी हळहळतो. आपल्या शेजारचा मुंबई एफसी मात्र कोणाला आठवतो?

2007 साली स्थापन झालेला हा संघ मुंबईतल्या कूपरेज मैदानावर खेळायचा. ट्रॉफीबिट्रॉफीच्या फंदात तो फारसा पडला नाही. आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल लीगमध्ये टिकून राहणं हीच त्याची कला. खालिद जमील 2009 ते 2016 प्रशिक्षक होते, आणि त्यांनी दरवर्षी संघाला घसरण्यापासून वाचवलं. 2016 मध्ये क्लबने त्यांना नारळ दिला.

ते गेले मिझोरमच्या आयझॉलला. हा संघ आदल्याच मोसमात घसरला होता. गोव्याच्या काही क्लबांनी लीगमधून माघार घेतल्याने त्याला पुन्हा जागा मिळाली. 2016-17 ची आय-लीग याच आयझॉलने जिंकली! आणि मुंबई एफसी त्याच मोसमात 10 संघांत तळाला. मधेच प्रशिक्षक बदलूनही काही उपयोग झाला नाही. त्यानंतर क्लबच बंद पडला.

तो मोसम संपला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आपल्या नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम 17 वर्षांखालील विश्वचषकाचे सामने भरवत होतं. मुंबईचा जुना क्लब गेल्याची चर्चा स्टँडमध्ये कोणी करत असेल, असं मला तरी वाटत नाही.